एका बोकडात बसेल अशी बासरी

मोताळ्यात आमच्या शेजारी राहणारे सुखदेवभाऊ कोणतीही वस्तू विकत घेण्याआधी तिचे दात पाहतात. वस्तूला दात नसतील, तर जिथं ते असायला हवे होते ती जागा पाहतात. जन्मभर बैलबाजारात दलाली केलेल्या माणसाला दुसरं काही सुचतच नाही. फ्रिज घ्यायला गेले तेव्हा त्यांनी आत इतका वेळ डोकं घातलं की बाहेर आले ते मिशीवर बर्फ घेऊन. टेबलफॅनच्या पाठीवर थाप मारून "खांदा मजबूत हाय" असा दाखला दिला. भाचीला पाहायला आलेल्या पोराला तर भर बैठकीतून उठवलं. "रंग राहू द्या, आधी चाल पाहू," म्हणाले. पोरगा बिचारा अंगणात फेऱ्या मारत बसला. लग्न जमलं, पण आजही सासुरवाडीला आला की फाटकापासून छाती काढून चालतो.

अशा माणसाला साठी उलटल्यावर बासरीचा नाद लागला. जत्रेतून एक बारकीशी बासरी आणली, मोबाइलवर धडे लावले आणि ओट्यावर बसून फुंकायला सुरुवात केली. आवाज असा, की गल्लीतली कुत्री नातेवाइकांकडे राहायला निघून गेली. आमच्या घरातला आरसा तडकला. बायको म्हणते तो आधीपासूनच तडकलेला होता, पण तिला संगीतातलं काय कळतं?

आणि कमाल म्हणजे, हळूहळू भाऊंना वाजवता यायला लागलं! सूर जागेवर बसू लागले. कुत्री परत आली. मग एक दिवस मोबाइलमधल्या गुरुजींनी सांगितलं, आता पुढच्या पायरीची बासरी घ्या. भाऊ तडक माझ्या दारात.

"चाल बे, मलकापूरले जाऊ. मोठी बासरी पाह्यजे मले. भारी आवाजाची. विहिरीतून कोनी हाक मारल्यावानी."

"बजेट किती आहे?"

"एक बोकड."

बोकड सकाळीच विकून आले होते. पैसे बंडीच्या आतल्या खिशात, वरून सेफ्टी पिन. "त्यात बसली तं घेऊ, नाही तं हात हालवत वापस. पण बारीक आवाजाची फुकट देली तरी नाही घेणार, सांगून ठेवतो."

मलकापुरात वाद्यांचं एक जुनं दुकान आहे. भजनी मंडळांच्या पेट्या, ढोलक्या, टाळ, सगळं छतापासून लोंबतं. चष्मेवाल्या दुकानदारानं काचेच्या काउंटरवर बासऱ्या मांडल्या आणि भाऊंच्या अंगात बाजार संचारला.

एक डोळा मिटून त्यांनी पहिली बासरी ट्यूबलाइटकडे रोखली. आतून नखानं खरवडली. बैलाच्या केसांतला अशुभ भोवरा शोधावा तसा बाहेरून हात फिरवत विचारलं, "अंगावर खोटा भोवरा नाही नं?"

"भोवरा?" दुकानदारानं चष्मा काढून पुसला.

"चीर, भेग, काई?"

"नाही हो."

"मंग आधी चाल पाहू." असं म्हणून त्यांनी एकेक बासरी काउंटरवर घरंगळत सोडली. जी सरळ बांबूची होती ती गुमान शेवटपर्यंत गेली. दुसरी मधेच लंगडली. भाऊंनी तिला बोटानं बाजूला सारलं, "हे नांगराले चालत नाही." दुकानदारानं ती उचलून पुन्हा डोळ्यांसमोर धरली. मला वाटतं, त्या रात्री त्यानं शटर ओढून सगळा माल घरंगळवून पाहिला असेल.

शेवटी तीन उरल्या. एक मध्यम आवाजाची, मखमली पेटीसकट, बोकडात आरामात बसणारी. दुसरी मोठी, रेशमी दोऱ्याचे वेढे मारलेली. तिला बैलजोडी लागली असती. तिसरीही मोठीच, पण साधी. पेटी नाही, दोरा सुती, आणि बांबूवर एक काळा डाग.

"डागानं आवाज बिघडते?"

"डाग कातडीवर आहे, सुरात नाही," दुकानदार म्हणाला आणि त्यानं तिचा सगळ्यात खालचा सूर लावला. काउंटरची काच थरथरली. बसस्टँडवर खाल्लेला वडा माझ्या पोटात जागा झाला. भाऊंनी डोळे मिटून घेतले.

मग त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढून दुकानदाराच्या हातावर टाकला, खालून स्वतःचा हात घातला आणि त्याची बोटं दाबली. बैलबाजारात भाव असाच ठरतो, कापडाखाली, बोटं धरून, बाजूच्याला पत्ता न लागता. दुकानदाराला हे कुठून ठाऊक असणार! तो गंभीरपणे भाऊंचं एकेक बोट चाचपू लागला.

"दादा, बोटं आखूड आहेत तुमची. या बासरीची भोकं लांब लांब आहेत. झाकली जाणार नाहीत."

"मी भाव सांगून राह्यलो! तुम्ही नाडी काऊन पाहून राह्यले?"

मी ढोलकीवर डोकं टेकून हसलो. दुकानदार मात्र समजूत घालत होता, "मध्यम घ्या. गोड वाजते. पेटीपण आहे."

भाऊंनी हात बाहेर काढला. दोन्ही पंजे उलटेसुलटे करून पाहिले. जन्मात पहिल्यांदाच त्यांना स्वतःत खोट सापडली होती.

"गोड लय हाय माह्यापाशी," ते हळू आवाजात म्हणाले. "पण आमच्या घरचीले बारीक आवाज ऐकूच येत नाही आता. ट्रॅक्टर आला तं समजते. चक्की समजते. फोनवरची नातीची हाक समजत नाही. कानातली मशीन लावतच नाही, म्हणते आत भुंगा फिरते. घरात आम्ही दोघंच. मी बोलतो, ते हाव हाव म्हणते."

मी हसायचा थांबलो. वत्सलावहिनी हाकेला ओ देत नाहीत म्हणून मला वाटायचं, बाई जरा गर्विष्ठ झाल्यात.

दुकानदारानं मखमली पेटी बंद करून मागे ठेवली. साधी बासरी भाऊंच्या हातात दिली, त्यांची बोटं धरून सपाट केली. "टोकानं झाकू नका. मधल्या पेरानं झाका. हां, असं. आता पोचतात." आणि दुपट्टा पुन्हा हातावर ओढून घेत म्हणाला, "बोला, किती बोटं दाबू?"

बोकडात बसली. वर दोन चहा निघाले.

संध्याकाळी वहिनी ओट्यावर पाठमोऱ्या बसून वाती वळत होत्या. भाऊ त्यांच्या मागे उभे राहिले. नुसतीच हवा गेली. पुन्हा हवा. भोकं सुटत होती, पेरं सरकत होती. मग अचानक एक सूर लागला. लांब, जाड, जरासा घोगरा.

वहिनींचे हात थांबले.

"अवो, पाहा बरं," त्या मान न वळवताच म्हणाल्या, "कोनाची म्हैस हंबरून राह्यली?"

भाऊंनी बासरी खाली घेतली. मग ते पुढे जाऊन त्यांच्यासमोर बसले, दुपट्ट्यानं डोळे पुसले, आणि तोच सूर पुन्हा लावला.

वहिनींनी बासरीकडे पाहिलं, भाऊंकडे पाहिलं, आणि वातींचं ताट बाजूला सारून जवळ सरकल्या.