शेवंताबाईच्या घरातला आवाज

शेवंताबाई रोज सकाळी खुंटीवरच्या कोटाला विचारून कामावर जायची. खोटं नाही सांगत! अकोल्यात कापसाच्या जिनामागच्या चाळीत आमच्या खोल्यांच्या मध्ये नुसता टिनाचा पत्रा होता, सगळं ऐकू यायचं.

"जातो मी." मग जाड, घोगरा आवाज: "जाय. दिवाबत्तीच्या आंदी ये."

घरात बाप्या नाही! भिलाईला कारखान्याचं बांधकाम निघालं तेव्हा नवरा तिकडे गेला, तो गेलाच. पोट भरायचं तर जिनात कापूस निवडायला जाणं भाग, आणि मुकादम रोज विचारी, "नवऱ्याले इचारलं काय?" मग ही त्याच्या मागे राहिलेल्या कोटाला विचारू लागली, आणि आवाज घोगरा करून कोटाचं उत्तरही स्वतःच देऊ लागली. आमच्याकडे बायाही ‘मी जातो’च म्हणतात, त्यामुळे पत्र्यापलीकडे कोण जातंय अन् कोण राहतंय, देव जाणे.

मी पोट धरून हसायची. पण एकदा ती नळावर माझ्यापुढे घागर भरत होती, आणि तिच्या कुलूप लावलेल्या खोलीत कोणीतरी खाकरलं. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. ती म्हणाली, "त्याइले तंबाखू सोसत नाही."

हळूहळू चाळीतल्या बायाही जिनात जाऊ काय, असं तिच्यामार्फत कोटाला विचारू लागल्या. "थे हो म्हनून राह्यले," असं शेवंताबाईनं सांगितलं, की त्यांचे नवरेही गप्प. न दिसणाऱ्या माणसाशी भांडणार कोण? बघता बघता निम्मी चाळ जिनात जाऊ लागली.

मग एका सकाळी खरा नवरा आला. पत्र्याची पेटी, करकरीत बूट, आणि आवाज? पोरीसारखा बारीक! मी चहा घेऊन तिच्या दारातच उभी.

"आता काहून जातं जिनात? मी आलो ना. घरी बस."

शेवंताबाई डबा घेऊन पाठमोरी उभी होती. घोगरा आवाज आला, "जाय."

नवरा पांढराफटक पडला. "कोन हाय घरात?"

"तुमीच," ती म्हणाली आणि चालू लागली.

मी मागे धावली. चाळीच्या तोंडाशी ती पदरानं डोळे पुसत होती. मला रागच आला. "इतक्या सालानं नवरा आला, अन् रडून काहून राह्यली वं?"

"त्याइचा आवाज मले यादच नव्हता, माय," ती म्हणाली. "हे तं आले. मंग आता थो कोटातला जाईन काय वं घरातून?"