शेवटल्या दोन मिनिटांची मोहीम

श्रोतेजनांचे सेवेसी, इयत्ता नववीतील बखरकार कन्येची विज्ञापना ऐसीजे. तीर्थरूपांच्या लाडक्या रॉक अल्बमाची तिसाव्या वर्षाची नवी आवृत्ती घरी आली, ते समयी रण कैसे माजले, ते साद्यंत लिहिते. पदरचे मीठ घातले नाही. घातले असेल तर चिमूटभर.

राजश्री बाबा, चष्मेदुरुस्तीचे सुभेदार, या अल्बमाचे तीस वर्षांचे निष्ठावंत. त्यांजपाशी धाकट्या बहिणीने, म्हणजे आमच्या आत्यासाहेबांनी, कॉलेजात असता भरून दिलेली एकच कॅसेट. तींत अखेरचे गाणे ऐन शब्दाच्या मध्यात खाडकन तुटे. बाबांचा सिद्धांत की, ऐसा शेवट जगात कोणी केला नाही; बोलता बोलता माणूस उठून जावा तैसा. हा सिद्धांत गिऱ्हाइकांस ऐकविला, आणि मातोश्रींस लग्नाआधी ऐकविला, आणि मजला पाळण्यात ऐकविला, आणि मीही वर्गात तोच मिरविला. मोबाइलवर गाणी ऐकणे म्हणजे मुजरा न करिता दरबारी शिरणे, सबब त्या वाटेस आम्ही उभयतां कधी गेलो नाही.

मग रविवारी सकाळी त्या नव्या आवृत्तीची पेटी आली. आत्यासाहेब खासा हजर जाहल्या. दुकानामागील खोलीत भिंगांचे खोके सारून सीडी लाविली. आवाज बहुत साफ. ड्रमवाल्याच्या खुर्चीची करकरदेखील ऐकू येई, आणि बास गिटार, जी आजवर भिंतीपलीकडल्या शेजाऱ्यासारखी होती, ती घरात येऊन मांडी घालून बसली. बाबा गहिवरले. मग अखेरचे गाणे आले, आणि तुटण्याच्या जागी बाबांनी रिवाजाप्रमाणे हवेत तळहात मारिला, आणि गाणे पुढे चालू राहिले.

बाबांनी बटण दाबून ते जागीच रोखिले.

"अरे दादा, कॅसेट संपली होती रे तेव्हा!" आत्यासाहेब वदल्या. "मावलंच नाही."

"आणि तीस वर्षं बोलली नाहीस?"

"इतका खूश होतास, म्हटलं राहू दे."

तत्काळ फर्मान सुटले की, तुटलेले तेच अस्सल, पुढील मजकूर कंपनीने मागाहून चिकटविला, सबब पेटी उदईक परत करावी. मग मजकडे पाहून पुसिले की, तू माझ्या बाजूची ना?

आजवर या प्रश्नास माझे उत्तर ठरलेले. तरी अर्ज केला की, मला शेवट ऐकायचाय, तुम्ही हवं तर बाहेर थांबा. बाबा गल्ल्यावर जाऊन एकच काच पुसत राहिले.

मी बटण दाबिले. गायकाने शब्द पुरा केला, आणि ड्रम थांबले, आणि चौघे जण हलकेच गुणगुणू लागले, आणि शेवटी त्यांतील एक जण हसला. मग मी बाहेर जाऊन रुजू केले की, "बाबा, तुमच्या शेवटापेक्षा हा भारी आहे."

काच पुसणे थांबले. मग पृच्छा जाहली की, "तो शब्द काय होता गं?"

"आत येऊन ऐका."

बाबा आत आले, आणि खुर्ची ओढून बसले, आणि दोन्ही मिनिटे पुरती ऐकली, आणि आज्ञा केली की, पुन्हा लाव.

येणेप्रमाणे फत्ते जाहली. पेटी परत गेली नाही. आमचे पक्षी माणूस जाया जाहले नाही; एक सिद्धांत मात्र धारातीर्थी पडला, उमर वर्षे तीस.