प्रयागबाईंचा आवाज

लोकहित वाचनालयाच्या वक्तृत्व वर्गाला यंदा अकरा आवाज आले. त्यांची माणसं आपापल्या घरी होती. वाचनालय बार्शीत भर पेठेत पहिल्या मजल्यावर आहे, जिना उभा आहे आणि खाली गाडी लावायला जागा नाही. म्हणून कार्यकारिणीनेच ठराव करून ही सवलत दिली होती. रोजची ने-आण आवाजाला मानवत नाही, त्यामुळे मे महिन्याचे तीन आठवडे त्यांचा मुक्काम वाचनालयातच राहील, असंही ठरलं. मी तिथे चौदा वर्षं शिकवतो. ठराव करताना मला कोणी विचारलं नाही, पण एरवीही विचारत नाहीत, तेव्हा राग धरण्यात अर्थ नव्हता.

शिकवायला आवाज बरे असतात. त्यांचे पाय लटपटत नाहीत. माझ्या पुस्तिकेतली पहिली तीन प्रकरणं, म्हणजे उभं कसं राहावं, हातांचं काय करावं आणि नजर कुठे ठेवावी, मी सरळ वगळली. खुर्च्या मात्र अकरा मांडायचो. हजेरी घेताना ज्या खुर्चीवरून ‘हजर’ ऐकू येईल, तिकडे बघून पुढे बोलायचो. आवाजांत एक वकील होते, डी.एड.च्या दोन मुली होत्या, एक किराणा दुकानदार होता. त्याने तीन आठवडे पाटीवर लिहून माल विकला आणि गिऱ्हाईक कमी झालं नाही, असं नंतर त्यानेच सांगितलं.

सगळे सुरुवात एकसारखीच करायचे. ‘अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि इथे जमलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो.’ एवढं झालं की दहा जणांची गाडी तिथेच अडायची. अकरावा आवाज प्रयागबाई ढगे यांचा. तो अडत नव्हता.

प्रयागबाई मुलींच्या शाळेत सत्तावीस वर्षं शिपाई होत्या. प्रत्येक समारंभात पाण्याचा तांब्या घेऊन पडद्यामागे उभ्या राहिल्यामुळे त्यांच्या आवाजाला सगळी भाषणं पाठ होती. पंधरा ऑगस्टचं, स्नेहसंमेलनाचं, निरोपाचं. मी म्हटलं, “छान. आता स्वतःचं बोला.”

आवाज दोन दिवस गप्प राहिला. तिसऱ्या दिवशी म्हणाला, “सर, मी आभाराचं बोलू का? दर वर्षी मंडपवाल्याचे आभार मानायचे, माईकवाल्याचे मानायचे, आन् शेवटी म्हनायचे, ज्ञात-अज्ञात सर्वांचे आभार. त्या अज्ञातात मी हुते. मी तवा मागं गलास इसळत हुते.”

वकिलांचा आवाज खाकरला.

वर्ग साडेसहाला सुटायचा. बाकीचे आवाज दमून गप्प व्हायचे, हा मात्र बोलत राहायचा. शाळेतल्या बायांच्या तऱ्हा सांगायचा, शेंगाचटणीत लसूण कधी घालायचा ते सांगायचा, आणि मधेच विचारायचा, “सर, तुमी जेवला का?” माझी बायको जाऊन आठ वर्षं झाली. हा प्रश्न मला आठ वर्षांत कोणी विचारला नव्हता. लपवण्यात काय अर्थ आहे, मला ते फार आवडायला लागलं. घरी जाऊन कुलूप उघडणं मी रोज थोडं पुढे ढकलू लागलो.

समारोपाच्या दिवशी माणसं जिना चढून आली, नमुना ब वर सही करून आपापला आवाज घेऊन गेली. वकिलांनी जिन्यातच दोनदा ‘हॅलो, हॅलो’ करून पाहिलं. दहा आवाज गेले. प्रयागबाईंचा न्यायला कोणी आलं नाही.

चिटणीस खटावकरांनी नियमावली उघडली. “सात दिवस वाट पाहायची. मग बेवारस समजून वाचनालयाकडे जमा.”

“जमा म्हणजे?”

“फोनला जोडू. ‘वाचनालय आज बंद आहे’ एवढं सांगायला बरा पडेल. स्पष्ट आहे.”

“मी सांभाळला तर?”

खटावकरांनी चष्म्यावरून पाहिलं. “कायमचा?”

“कायमचा.”

“लेखी अर्ज करा. मुदत संपली की मंजूर करतो. तुमच्याकडे जागा आहे ना?”

जागा भरपूर आहे, असं मी सांगितलं. अर्ज त्याच दुपारी लिहिला, त्यांनी त्यावर तारखेपुरती जागा सोडून सही केली, आणि मी तो घडी करून खिशात ठेवला. मुदत संपण्याची मी वाट पाहत होतो, हे कबूल करतो. प्रयागबाईंच्या घरचा पत्ता प्रवेशअर्जावर होता. मी तो मुद्दाम वाचला नाही.

आवाज रोज विचारायचा, “सर, आलं का कुनी?”

“नाही.”

“येतील. काम पडलं असंल.”

पाचव्या दिवशी त्याने विचारलं नाही. सहाव्या दिवशीही नाही. मी लसणाचा विषय काढून पाहिला, तर म्हणाला, “घाला की, कवाबी घाला.” त्यानंतर मला त्याच्यासमोर बसवेना. सातव्या दिवशी सकाळी मी प्रवेशअर्ज काढला, पत्ता वाचला आणि म्हटलं, “चला.”

“कुठं?”

“तुमच्या घरी.”

आवाज स्कूटरवर मागे बसला. “हितनं डावीकडं, सर. गिरणीच्या म्होरं थांबा.” एवढंच बोलला.

दार उघडंच होतं. मुलगा दत्ता कॉटवर बसून क्रिकेट बघत होता, सून शीतल मोबाईल बघत होती, आणि प्रयागबाई खाली बसून शेंगा फोडत होत्या. त्यांनी मला पाहिलं, हात जोडले आणि पुन्हा शेंगा फोडू लागल्या. मी कामाचं सांगितलं.

“आईचा आवाज?” दत्ता म्हणाला. “पन आई बोलती की घरात.”

“शेवटचं काय बोलल्या?”

तो विचार करू लागला. शीतल म्हणाली, “परवा म्हनल्या न्हवं का, आमटीत मीठ कमी हाय म्हणून?”

“ते मी म्हनलो,” दत्ता म्हणाला.

प्रयागबाईंनी मान हलवली. ते दत्ताच म्हणाला होता.

मी नमुना ब पुढे केला. त्यात ‘नातेवाइकाने आवाज ओळखला काय?’ असा रकाना आहे. होय किंवा नाही लिहायचं असतं. आवाजाला म्हटलं, बोला काहीतरी. तो म्हणाला, “दत्ता, मी हाय.” दत्ताने कान दिला. “वळखीचा वाटतोय,” तो म्हणाला, “पन खात्री देता यायची नाही. सहीचं काम हाय, सर.” शीतलही ‘तसाच वाटतो, पण नक्की नाही’ म्हणाली. मला वाटलं, झालं. खिशातल्या अर्जावर आजची तारीख घालायला पेनही होतं. मी पेनाला हात लावला, ते अजून आठवतं.

तेवढ्यात आवाजाने बोलायला सुरुवात केली. ‘अध्यक्ष महाशय’ म्हणाला नाही, थेट आभारावर आला. दत्ताचे मानले, ताप आला तेव्हा त्याने दवाखान्यात रात्रभर बाकावर बसून काढली होती. शीतलचे मानले, ती आंघोळीचं पाणी न सांगता काढून ठेवते म्हणून. ‘ज्ञात-अज्ञात सर्वांचे’ असं म्हणाला नाही. मोजक्या माणसांचे मानले आणि प्रत्येकाचं नाव घेतलं. दत्ताने टीव्ही बंद केला आणि कॉटवरून खाली येऊन बसला. शीतलने मोबाईल पालथा ठेवला.

“आन् ही शेंगा फोडतीया, तिचं नाव प्रयाग,” आवाज म्हणाला. “सत्तावीस वरसांत तिचं नाव कुनी घेतलं न्हाई. म्हणून मी घेते.”

प्रयागबाईंचे हात थांबले. त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि त्याच आवाजात म्हणाल्या, “बसा सर, च्या टाकते.”

दत्ताने रकान्यात ‘होय’ लिहिलं.

मी तिथे दोन तास बसलो. चहा झाला, मग शीतलने पोहे केले. त्यांनी मला विचारलं, सर, तुमच्या घरी कोण असतं? मी सांगितलं. सांगता सांगता खूप बोललो. बायकोबद्दल बोललो, पहिल्या भाषणात माझीच दातखीळ बसली होती ते सांगितलं, आणि सगळ्यांबरोबर मीही मोठ्याने हसलो. निघताना प्रयागबाई दारापर्यंत आल्या. घरी येऊन मी कुलूप उघडलं, खिशातला अर्ज फाडला आणि खिचडी लावली.

तिसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. मी उचलून ‘हॅलो’ म्हणायला तोंड उघडलं, पण काहीच उमटलं नाही. दुधाची पिशवी दाराला अडकवलेली असते, किराणा यादी देऊन येतो. मधल्या दोन दिवसांत बोलायचं काम पडलं नव्हतं. त्यामुळे हे नेमकं कधीपासून, ते सांगता येत नाही.

पलीकडून माझाच आवाज बोलला.

“सर, काळजी करू नका, मी ढग्यांकडे आहे. त्या दिवशी तुम्ही निघालात, मी जरा मागे थांबलो.” त्याच्यामागे कुकरची शिट्टी झाली, कोणीतरी काहीतरी म्हणालं आणि तो हसला. “इथे सगळे जेवायचे थांबलेत, फार बोलत नाही. तुमचं काही काम असेल तर लगेच येतो. आहे का काही काम?”

मी फोन कानाशी धरून उभा राहिलो.

“नाही ना? बरं. मग राहतो.”

त्याने फोन ठेवला. बोलला चांगलं. प्रश्न विचारल्यावर ऐकणाऱ्याला जेवढा वेळ द्यायला हवा, तेवढा त्याने दिला होता.