पाचव्या खोलीची घरपट्टी

नगरपालिकेने थकलेल्या घरपट्टीपोटी दिवेकरांच्या घरातली नसलेली खोली सील केली, तेव्हा दिगंबरराव दिवेकर त्या खोलीत होते.

घर चार खोल्यांचं. पण मोजणीला आलेल्या माणसाने मधली खोली आत जाताना एकदा धरली आणि परत येताना एकदा. तेव्हापासून बिलावर पाच खोल्या. "नसलेल्या खोलीचा छदाम देणार नाही," असं म्हणून दिगंबरराव पेपरात डोकं घालायचे. नोटिसा येत राहिल्या. शेवटी वसुली विभागाचे ढवळे दोन पंच, लाख आणि मेणबत्ती घेऊन आले आणि बोळातल्या भिंतीवर, कॅलेंडरशेजारी, सील लावून गेले. चष्मा शोधत फिरणारे दिगंबरराव आत राहिले.

"अगं प्रभा," भिंतीतून आवाज आला, "चहाचं काय झालं?"

प्रभावतीबाईंनी कपाळावर हात मारला. आतल्या माणसाला अन्नपाणी देता येईल, असं पंचनाम्यात लिहिलेलं होतं. भिंतीशी ताट ठेवलं की ते आत जायचं, आणि रिकामं होऊन तक्रारीसकट बाहेर यायचं. पोळ्या गार होत्या. आमटीत गूळ कमी होता. शिवाय आजचा पेपर कुठे आहे?

त्या नगरपालिकेत गेल्या.

"अहो, ती खोलीच नाहीये मुळी!"

"मग तुमचे यजमान कुठे आहेत?" ढवळ्यांनी शांतपणे विचारलं.

कप्पाळ! बाईंनी बिलाच्या दुरुस्तीचा अर्ज मागितला. अर्जावर घरमालकाची सही लागत होती, ती समक्ष. मालक सीलबंद खोलीत. सील काढायचं तर आधी पट्टी भरा. आणि पट्टी भरली की खोली आहे हे तुम्हाला कबूल.

"म्हणजे कसंही करून मीच मरायचं," बाई म्हणाल्या.

"तसा नियम नाही," ढवळे म्हणाले, "पण होतं तसंच."

बाईंनी भिशीचे पैसे जपून ठेवले होते. त्यांतून त्यांना कारवारला बहिणीकडे जायचं होतं. काही बघायला नाही, नुसतं बसायला. कुणी हाक मारणार नाही अशा ठिकाणी एक महिना, एवढीच हौस. ती सगळी पुंजी त्यांनी चरफडत खिडकीवर मोजून दिली. घरी येईपर्यंत रडू आवरलं, मग बोळातच पदर डोळ्यांना लावला.

ढवळ्यांनी येऊन सील मोडलं, तसं भिंतीत दार उघडलं. दिगंबरराव बाहेर आले. तब्येत छान सुधारली होती.

"हवेशीर आहे हं," ते म्हणाले. "जरा चहा टाक."

बाईंनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. एवढे पैसे कशाचे मोजले ते बघावं तरी, म्हणून त्या आत गेल्या. एक कॉट होती, खिडकी होती, खिडकीबाहेर चिंच. बाहेर दिगंबरराव काहीतरी बोलत होते, पण इथे त्याचा नुसता गुणगुणाट येत होता. बाई कॉटवर टेकल्या. कितीतरी वर्षांनी पाठ सैल झाली.

ढवळे दाराशी आले. "पुढचा हप्ता मार्चमध्ये. चुकवू नका."

"चुकवला तर?"

"पुन्हा सील."

"आणि आत माणूस असलं तर?"

"पंचनाम्यात नोंद करतो. अन्नपाणी घरच्यांनी द्यायचं."

बाईंनी थोडा विचार केला. मग पाय वर घेतले.

"मार्चपर्यंत कशाला थांबता भाऊ? मी भरणार नाही. आत्ताच लिहून घ्या."

"लेखी नकार असेल तर आजही करता येतं," ढवळे म्हणाले आणि त्यांनी कागद पुढे केला. बाईंनी झोकात सही केली.

"अगं प्रभा, साखरेचा डबा कुठंय?" स्वयंपाकघरातून हाक आली.

ढवळ्यांनी दार ओढून घेतलं आणि मेणबत्ती पेटवली.