ट्रॅक्टरच्या हयातीचा दाखला

दाजींनी शनिवारी सकाळी फक्त एवढंच ठरवलं होतं, की ट्रॅक्टरवरची धूळ झटकायची. (धूळ झटकल्याने कुणाचं वाईट झाल्याचं त्यांच्या ऐकिवात नव्हतं.)

मेहुणा दाजी म्हणायचा म्हणून सगळी गल्लीच त्यांना दाजी म्हणायची, आणि त्यांच्या बायकोला ताई. ट्रॅक्टर दाजींच्या वडिलांचा. वडील गेले, शेत विकलं, तेव्हापासून तो मागच्या शेडमध्ये भिंतीकडे तोंड करून, रुसलेल्या पाहुण्यासारखा उभा होता. ताईंना ती शेड शिवणक्लाससाठी हवी होती. क्लास सध्या स्वयंपाकघरात चालायचा, त्यामुळे दाजींच्या घासात अधूनमधून दोरा निघायचा.

"सोमवारी भंगारवाल्याला बोलावलंय," ताई म्हणाल्या.

"भंगार? अगं, चालता ट्रॅक्टर आहे तो!"

"मग चालवून दाखवा. उद्या संध्याकाळपर्यंत सुरू झाला तर शेड त्याची. नाहीतर माझी."

लहानपणी वडिलांच्या मांडीवर बसून दाजींनी याच ट्रॅक्टरचं स्टिअरिंग धरलं होतं. त्याचे तुकडे तराजूवर पडताना बघणं त्यांना जमलं नसतं. त्यांनी पैज घेतली.

मदतीला मेहुणा आला. त्याला यंत्रातलं दाजींइतकंच कळायचं, म्हणजे काहीच नाही. पण तो ठासून सांगायचा.

पहिला प्रश्न, ट्रॅक्टर कुठल्या कंपनीचा? नावाची अक्षरं कधीच गळून पडली होती. रंगावरून ओळखू म्हणून दाजींनी लाल रंग खरवडला, तर खाली निळा. निळा खरवडला, तर खाली हिरवा.

"दाजी, आता थांबा," मेहुणा म्हणाला. "आणखी खरवडलंत तर बैलगाडी निघेल."

तेवढ्यात इंजिनाच्या बाजूला नंबराची पट्टी सापडली. दाजी नगरपालिकेत जन्म-मृत्यूचे दाखले देणारे कारकून. नंबराची किंमत त्यांना ठाऊक होती. पॉलिश पेपर घेऊन ते पट्टीवर तुटून पडले. गंज गेला, चिखल गेला, पट्टी अशी लखलखली की तिच्यात दाजींचं तोंड दिसू लागलं. नंबर मात्र उरला नव्हता. (आयुष्यभर लोकांकडे पुरावे मागणाऱ्या माणसाने एक पुरावा स्वतःच्या हाताने पुसला होता.)

स्पेअर पार्टच्या दुकानात दुकानदाराने विचारलं, "मॉडेल?"

"ते नाही सांगता येणार."

"कंपनी तरी?"

"आता लाल आहे, पण मूळचा हिरवा असावा. स्वभावाने शांत."

दुकानदाराने चष्मा काढला. "साहेब, पार्ट हवाय की स्थळ?"

नशिबाने बॅटरी, ऑइल आणि डिझेल ओळखपत्र मागत नाहीत. ते घेऊन दाजी परतले.

रविवारी एअर क्लीनर उघडला, तर आत उंदरांनी ताईंच्या चिंध्यांची गादी केलेली. म्हणजे शेडमध्ये शिवणकाम आधीपासूनच सुरू होतं. टाकीतलं जुनं डिझेल डांबरासारखं निघालं. नवं भरून पाइपातली हवा काढायला घेतली, तर आधी बुडबुडे आले, मग फेस, आणि शेवटी डिझेल, तेही मेहुण्याच्या नव्या शर्टावर.

ऊन कलायला लागलं तेव्हा दाजी सीटवर चढले. गिअरच्या मुठीवरचे आकडे झिजून गेले होते.

"निळ्या कंपनीत न्यूट्रल डावीकडे असतं," मेहुणा म्हणाला.

"हिरव्यात मधोमध," दाजी म्हणाले, आणि मूळ रंगाचा मान राखून त्यांनी दांडा मधोमध ठेवला. खबरदारी म्हणून क्लचही दाबला. (क्लच गंजून चिकटलाय, हे त्याने कुणालाच कळवलं नव्हतं.) किल्ली फिरवली.

घर्र... घर्र... धडाम्! काळ्या धुराचा लोट उठला आणि इंजिन गरजलं.

"ताई, झाला! झाला सुरू!" मेहुणा नाचायला लागला. दाजींच्या डोळ्यांत पाणी आलं. ते धुरामुळे की वडिलांच्या आठवणीने, हे कळायच्या आत भिंत जवळ आली.

"दाजी, ब्रेक!"

"दाबलाय!"

"मग हा चाललाय कुठे?"

"त्यालाच विचार!"

भिंत फार समजूतदार निघाली. तिने जराही विरोध केला नाही. विटा बाजूला सारून, कपडे वाळत घालायची दोरी गळ्यात अडकवून ट्रॅक्टर परसात उतरला आणि खताच्या ढिगात नाक खुपसून शांत झाला. (स्वभावाचं दाजींनी खरं तेच सांगितलं होतं.)

ताई धावत आल्या. आधी नवरा धडधाकट आहे ना हे बघितलं, मग भिंतीला पडलेलं भगदाड.

"झाला की नाही सुरू?" विटांच्या धुळीने लालेलाल झालेले दाजी म्हणाले. "शेड त्याची!"

"त्याचीच हो," ताई म्हणाल्या. "पण तो तर आपल्या पायाने सोडून गेला."

भंगारवाल्याला नको म्हणून सांगितलं गेलं, तेवढं दाजींनी जिंकलं. भगदाडाला चौकट बसली आणि छान मोठी खिडकी झाली. क्लास शेडमध्ये आला. ट्रॅक्टर पुन्हा काही सुरू झाला नाही. तो परसातच राहिला. पावसात गंजेल म्हणून ताईंनी मुलींना पहिला धडा दिला, ट्रॅक्टरचं कव्हर शिवण्याचा.

एक मुलगी टेप घेऊन गेली. दाजी स्टिअरिंग धरून, गाल फुगवून सीटवर बसलेले. तिने दोन फेऱ्या मारल्या आणि खिडकीशी आली.

"ताई, दाजी उतरतच नाहीयेत. माप कसं घेऊ?"

ताईंनी मशीन थांबवलंसुद्धा नाही.

"त्यांच्यासकट घे. मानेशी जरा सैल ठेव."