रानात बसलेले पाहुणे

जमीन माणसाला पोसते हे खरे. पण पोसून घेणाऱ्याने थोडे वाकावे अशी तिची अट असते. ही अट मान्य नसलेल्या मंडळींना पूर्वी जहागीरदार म्हणत. जहागिरी खालसा झाल्यावर त्यांना काय म्हणावे हे सरकारने कळवले नाही. म्हणून शिरूरजवळ घोडनदीकाठच्या बापूसाहेबांनी स्वतःला व्यवस्थापक म्हणवून घेतले आणि पणजोबांच्या पागेत विलायती थाटाची कॉटेजे काढली.

पागा ऐतिहासिक होती. (एका मोहिमेतला घोडा तिथे लंगडल्याचा पुरावा सापडला नाही; पण नाकारणाराही सापडला नाही.) जाहिरातीत 'थंड हवेचे ठिकाण' असे छापले होते, आणि डिसेंबरात ते खरेही असते. पाहुणे मे महिन्यात आले. प्रत्येक कॉटेजात मच्छरदाणी, बिलोरी आरसा आणि मुंबईहून आणलेले चिनी मातीचे कमोड होते. कमोडाचा नळ थेट नदीत सोडला होता. ही सोय दाखवताना बापूसाहेबांचा ऊर भरून येई.

अडचण होती ती भैरू धनगराची. दर उन्हाळ्यात कोकणातून परतला की तो पागेमागच्या रानात मेंढरे बसवी. रात्र रात्र मेंढरे बसली की लेंड्यांनी रान कसदार व्हायचे, आणि त्याबद्दल बापूसाहेबांनी त्याला धान्य द्यायचे, असा आजोबांपासूनचा रिवाज. त्याच धान्यावर भैरूचे घर पावसाळा काढत असे.

यंदा वासाच्या कारणावरून मेंढरांना मनाई झाली. पुढे पुण्याच्या एका बाईंना ती 'फार गोड' वाटली, तेव्हा मनाई उठवून त्यांना देखाव्याचा दर्जा देण्यात आला. (घंटा वाजलेली चालेल, ओरडणे नको.) पागेला खिडक्या नव्हत्या, घोड्यांनी कधी मागितल्या नव्हत्या. पाहुणे उकडून बाहेर आले आणि मेंढरांशेजारी घोंगड्या टाकून झोपले. बापूसाहेबांनी अर्ध्या रानाला ताबडतोब 'खुले कॉटेज' हे नाव आणि दुप्पट भाडे दिले. मेंढरे उरलेल्या अर्ध्यात सरकली.

मोसम संपल्यावर भैरूने धान्य मागितले. बापूसाहेबांनी त्याला समजावले, की आता इथे बसणाराच मालकाला देतो. भैरूकडून काही घेतले नाही, हेच त्याने धान्य समजावे. भैरूला राग आला. रागात तो खरे बोलायचा, हा त्याचा जुना दोष.

"सरकार, मेंढरू बसलं की रानाला कायतरी दिऊन जातं," तो म्हणाला. "तुमचं पाव्हणं बी बसलं, पर त्येंचं समदं त्या भांड्यातनं नदीला ग्येलं. बाजरी आल्यावर बघा, कोन फुकाट बसलं त्ये."

बाजरी आली. मेंढरांच्या अर्ध्यात ती माणसाच्या डोक्याला लागली. पाहुण्यांच्या अर्ध्यात गुडघ्याशीच संकोचली. बापूसाहेब बांधावर उभे राहून बराच वेळ बघत होते. मागे भैरू रिकामी पोती खांद्यावर टाकून उभा होता. आता न्याय होणार, असे त्याला वाटले.

"भैरू, तुझं बरोबर आहे," बापूसाहेब म्हणाले. "चूक कमोडाची आहे."

पुढल्या उन्हाळ्यात कमोड निघाले आणि पाटी लागली : 'निसर्गाशी संपूर्ण एकरूपता. प्रातर्विधी रानात. तांब्या व्यवस्थापनाकडून.' भाडे पुन्हा दुप्पट झाले आणि जागा मिळेनाशी झाली. पाहुणे सगळे शिकलेले होते. मेंढरांना धान्य द्यावे लागते; पाहुणे उलट पैसे देतात आणि जाताना आभारही मानतात, हे पाहून बापूसाहेबांनी मेंढरे कायमची बंद केली.

"तुमी शानपन शिकवाया गेला, आन् घरचं दाणं घालवून आला," भैरूची बायको अनसाबाई म्हणाली. भैरूला फार वाईट वाटले. ते रान त्याच्या बापाच्या मेंढरांनी कसदार केले होते. शेवटी त्याने भांडगावच्या एका शेतकऱ्याच्या रानात मेंढरे बसवली. धान्य थोडे कमी मिळाले, पण मिळाले.

त्या वर्षी बापूसाहेबांचे सगळे रान डोक्याइतके पिकले. भैरूच्या घरी भांडगावच्या बाजरीची भाकरी झाली. बापूसाहेबांना बाजरी उष्ण पडते, ते खात नाहीत. त्यामुळे पाहुण्यांच्या रानातली बाजरी सगळीच्या सगळी पुण्याच्या बाजारात गेली आणि ती, वाचकहो, आपण लोणी लावून खाल्ली. चवीबद्दल अद्याप एकही तक्रार आलेली नाही.