टाकीत बसलेले बाबा

"बाबा, आज पाच वाजता एक जण घरी येतोय. तुम्हालाच भेटायला," लेकीने चहा पिता पिता सांगितलं, आणि नेमका तेव्हाच छतावरून एक थेंब तिच्या कपात पडला. गच्चीवरची सिमेंटची टाकी महिनाभर गळत होती.

मिस्त्रींना तो थेंब वर्मी लागला. तीस वर्षं त्यांनी कारखान्यांतल्या ॲसिडच्या टाक्यांना आतून फायबरग्लासचं अस्तर चढवलं होतं, आणि आज पाहुण्याच्या डोक्यावर त्यांच्याच घरचं पाणी टपकणार! त्यातून तो आठवडाच वाईट होता. गुरुवारी कारखान्यातल्या क्वालिटी तपासणीच्या नव्या साहेबाने त्यांनी एका टाकीला चढवलेलं अस्तर नाण्याने ठोकून ठोकून, आत पोकळ आहे म्हणून नापास केलं होतं. "काल मिसरूड फुटलेला माणूस मला पोकळ आवाज ऐकवतो!" हे रोज जेवताना व्हायचं. लेक मान खाली घालून जेवायची.

दुपारी मिस्त्री रिकाम्या टाकीत उतरले. तोंडाशी पंखा लावला, भेगेवर काचेच्या धाग्यांचं कापड अंथरलं. त्यावर फासायचं रेझिन, म्हणजे चिकट राळ, कालवायचं काम वर बायकोकडे होतं.

"हार्डनर घातलं?" त्यांनी आतून विचारलं.

टाकीत आवाज घुमला. बायकोला ऐकू आलं, 'हार्डनर घाल.' रेझिन घट्ट करणारं ते औषध तिने घातलेलंच होतं. पण एवढा जाणता माणूस सांगतोय म्हणून आणखी दोन झाकणं ओतली आणि डबा खाली दिला.

मिस्त्रींनी निम्मं रेझिन कापडावर फासलं, तोच हातातला डबा तापून धुरावला. डबा टाकून ते दचकून मागे सरले, पाय घसरला आणि ताज्या अस्तरावरच त्यांनी फतकल मारली. एरवी तासभर घेणारं रेझिन पाच मिनिटांत दगड झालं. काम पक्कं झालं होतं, मिस्त्रींसकट.

"अहो, उठा ना!" बायकोने वरून हात ओढून पाहिला.

"उठतोय कुठला? चिकटलोय!"

"मग पँट काढून या."

"निघत नाहीये. पँटही दगड झालीय."

"शेजारच्यांना हाक मारू?"

"खबरदार!"

एवढ्यात पाच वाजले. लेक धावत गच्चीवर आली. तिच्यामागे नवाकोरा शर्ट घातलेला पाहुणा होता. त्याने टाकीत वाकून पाहिलं, मिस्त्रींनी वर पाहिलं.

"मिस्त्री?"

"साहेब?"

"बाबा, मी सांगणारच होते," लेक पुटपुटली.

क्वालिटीचा साहेब शिडीने खाली उतरला. वरून ब्लेड मागून घेतलं आणि उकिडवा बसून पँटचं कापड काठाकाठाने कापू लागला.

"चटका बसला का?"

"बसलाय. पण दाखवण्यासारखा नाही."

ब्लेड करकरत कमरेच्या मागे पोहोचलं. मग मिस्त्रींनी हळूच विचारलं, "साहेब, कारखान्यातल्या त्या टाकीत खरंच पोकळ होतं?"

"होतं. बोटभर जागेत." साहेबाने मान वर केली नाही. "इतरांच्या कामात खोट शोधायला मला दहा मिनिटं लागतात. तुमच्या कामात दोन दिवस लागले. हलू नका, काका."

मिस्त्री हलले नाहीत. तीस वर्षांत त्यांच्या कामाबद्दल असं कुणी बोललं नव्हतं. डोळे चुरचुरायला लागले. रेझिनचा वास उग्र असतोच.

शेवटचा धागा तुटला. पँटचा मागचा बराचसा भाग टाकीतच राहिला. साहेबाने झटकन आपला शर्ट काढून मिस्त्रींच्या कमरेला गुंडाळला आणि बनियनवरच त्यांना आधार देत वर आणलं.

लेकीचा चेहरा पांढरा पडला होता. बायकोने नवऱ्याला बाजूला घेतलं. "आता बोला काय ते. पोरीचा जीव टांगणीला लागलाय."

"माणूस हट्टी आहे," मिस्त्री गंभीरपणे म्हणाले. "पण हात बघ किती हलका. एवढं कापलं, अंगाला ओरखडासुद्धा नाही. असा माणूस घरात असलेला बरा."

लेक हसता हसता रडायला लागली. मिस्त्रींना तिच्या डोक्यावरून हात फिरवायचा होता. पण दोन्ही हातांनी शर्ट घट्ट धरलेला. म्हणून त्यांनी नुसती आपली हनुवटीच तिच्या डोक्यावर टेकवली.